अबू फवाज नावाचं इथे कोणी नाही

मुलगी झालेल्या घरी उम्म रामिझ भेटायला गेली की बाळाच्या गालाला हात लावून म्हणते, "माशाल्ला! पुढच्या खेपेला भाऊ येईल हं हिला." बाळाची आई कॉफी तेवढी जरा जास्त कडू करून आणते. उम्म रामिझलाही एकदा तसलीच कडू कॉफी प्यावी लागली, त्याची ही हकीकत.

अम्मानच्या आमच्या डोंगरावर पोस्टमन दारी येत नाही. डॉक्टर मुंतसिर यांच्या औषधाच्या दुकानाची मोठ्या पोस्टात एक पेटी आहे. सगळ्या गल्लीचं टपाल तीत पडतं आणि डॉक्टर ते आणून खोकल्याच्या बाटल्यांपुढे मांडतात. त्यामुळे कुणाला काय आलं हे आधी आम्हाला कळतं, मग ज्याचं त्याला. घरपोच सामान आणणारा टॅक्सीवाला तर पत्ता वाचतच नाही. खाली बेकरीत विचारतो, "अबू अमुक कुठे राहतो?" बेकरीवाला अबू नाईफ पिठाचा हात वर करून जिना दाखवतो. संपलं काम.

उम्म रामिझचा, म्हणजे 'रामिझच्या आई'चा, थोरला रामिझ जर्मनीत बस चालवतो. मिसरूड फुटल्यापासून त्याला सगळे 'अबू फवाज' म्हणतात. फवाज हे त्याच्या वारलेल्या बापाचं नाव. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं हे ठरलेलंच, म्हणून लग्नाच्या कितीतरी आधीच पोरगा 'फवाजचा बाप' होऊन बसतो. पुढे लग्न झालं, हनादी सून आली, आणि गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. उम्म रामिझने आम्हाला बातमी दिली ती एवढीच : "बाळंतीण सुखरूप आहे."

तरी हिवाळ्याआधी तिने नातीसाठी स्वेटर विणला. सशाच्या कानांची टोपीही केली. मामूल म्हणजे खजूर भरलेली रव्याची बिस्किटं, झातरचा मसाला, वेलदोडा घातलेली कॉफी असं सगळं खोक्यात भरलं. पोस्टातल्या कारकुनाने मोबाइलमध्ये बघून रस्ता, घर, शहर नीट लिहून घेतलं. नाव मात्र हिने सांगितलं.

काही आठवड्यांनी ते खोकं डॉक्टरांच्या दुकानात परत आलं. वर पिवळा कागद चिकटवलेला. डॉक्टरांनी त्यावर मोबाइल धरला आणि भाषांतर वाचलं, "या नावाचं इथे कोणी नाही."

दुकानात मी होते, शिंपीण इन्साफ होती. इन्साफ म्हणाली, "घर बदललं असेल गं त्यांनी."

"घर कुठलं बदलतंय! माणूस बदलला," उम्म रामिझ म्हणाली. "सुनेचं काम आहे हे. तिने सांगितलं असेल पोस्टमनला, असा कोणी नाही म्हणून. आणि माझा पोरगा गप्प बसला असेल."

खोकं उचलायलाही ती तयार होईना. "नकोसं झालेलं सामान घेऊन मी जिने चढणार नाही." मग ते डॉक्टरांच्या टेबलाखाली राहिलं आणि हनादीचं नाव डोंगरभर फिरलं. बेकरीत, न्हाव्याकडे, एका मयताच्या घरीसुद्धा. मुलाचा फोन वाजला की ती मोबाइल पालथा घालायची. जिने चढताना मात्र मध्येच बसायला लागली होती.

शेवटी रामिझने डॉक्टरांना फोन केला. आम्ही तिघी तिथेच होतो.

"डॉक्टर, आई बरी आहे ना? फोनच घेत नाही."

"समोरच उभी आहे, बोल." डॉक्टरांच्या हातात मलमाची डबी होती, म्हणून त्यांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. आमची काही तक्रार नव्हती.

"आता आठवली का आई? खोकं परत धाडलंस तेव्हा नाही आठवली?"

"कसलं खोकं?"

"तुझ्या बायकोला विचार!"

"मी इथेच आहे, मावशी," हनादीचा आवाज आला; आमच्यात सासूला मावशीच म्हणतात. "आमच्याकडे काही आलंच नाही. नाव काय घातलं होतंत?"

डॉक्टरांनी खोकं ओढून वर घेतलं. मला चष्म्याशिवायही दिसतं, म्हणून मीच मोठ्याने वाचलं, "अबू फवाज."

पलीकडे रामिझने कपाळावर हात मारल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"आई, इथे पोस्टमन बेकरीत विचारत नाही गं. खाली पेट्या आहेत, पेटीवरचं नाव बघतो आणि टाकतो. आमच्या पेटीवर रामिझ आहे, हनादी आहे. अबू फवाज कोण?"

"कोण म्हणजे? तूच! सगळं जग तुला—"

"जग नाही आई, आपला जिना."

मग हनादी हळूच म्हणाली, "मावशी, फवाज आमच्याकडे नाहीच. पोस्टमन खोटं नाही बोलला."

उम्म रामिझने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं. मान खाली घातली. मग म्हणाली, "हनादी, मी तुझ्याबद्दल बेकरीत काहीबाही बोलले."

"पोचलं माझ्यापर्यंत."

"सगळं?"

"मयताच्या घरचंसुद्धा. इन्साफ मावशींनी कळवलं."

इन्साफ खोकल्याच्या बाटल्यांवरची किंमत वाचू लागली.

"तुझ्या दारात आले तर दार लावून घे माझ्या तोंडावर," उम्म रामिझ म्हणाली.

"दार राहू दे. आज पेटीवर तुमच्या नातीच्या नावाची चिठ्ठी लावते. तिच्या नावाने पाठवा."

मामूल दगड झाला होता, तो काढला. जुनं नाव खोडायला डॉक्टरांनी पेन पुढे केलं, पण तिचा हात थांबला. शेवटी ते नवऱ्याचं नाव. तिने त्यावर कोरा कागद चिकटवला आणि कडा अंगठ्याने दाबत राहिली. नवं नाव डॉक्टरांनी तिकडच्या लिपीत लिहिलं.

मामूलसाठी रवा घ्यायला आम्ही बेकरीपाशी आलो. ती आत येईना, खोकं छातीशी धरून पायरीखाली उभी राहिली. अबू नाईफने आतूनच हाक मारली, "काय उम्म रामिझ, अबू फवाजचं खोकं निघालं का पुन्हा?"

"सीरीनचं आहे," ती खाली बघून म्हणाली.

"सीरीन कोण?"

पोर वर्षाची झाली, तरी तिचं नाव डोंगरावर कुणाला माहीत नव्हतं. उम्म रामिझने खोक्याच्या आड तोंड नेलं आणि तिथूनच म्हणाली, "माझी नात."