गोठ्यातली स्कूटर

माझे सासरे इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानात तांदळाचं पोतं घेऊन आले, तेव्हा धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं. इंद्रायणीचं, पन्नास किलोचं, सुतळीनं शिवलेलं पोतं. रिक्षावाल्यानं आणि त्यांनी मिळून ते काचेच्या दारातून आत आणलं आणि चकचकीत फरशीवर दाणकन ठेवलं. टाय लावलेला सेल्समन आधी पोत्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला.

मी लोणावळ्यातल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. एकोणीस वर्षं झाली. सकाळी सातला माणसं उपाशीपोटी येऊन बाकावर बसलेली असतात आणि उपाशी माणसाला धीर नसतो. आमचं घर पवनानगरच्या पलीकडे. लोणावळ्याला जायचं तर मधे दुधिवरेची खिंड ओलांडायची. इतकी वर्षं मी जीपनं जात आले, पण आमच्याकडची जीप दहा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. बाकी दिवस भरते कशीबशी, सोमवारी मात्र ड्रायव्हर काच पुसत बसतो आणि मी घड्याळ बघत बसते. अशाच एका सोमवारी मी पावणेआठला पोचले, तर साखरेची एक पेशंट बाई घेरी येऊन बाकावरून खाली कलंडलेली. डॉक्टरीणबाई तिला स्वतः साखरपाणी पाजत होत्या.

"तुझा हात हलका आहे गं," त्या नंतर मला म्हणाल्या, "पण तो हात मला सातला इथं लागतो. गावातलीच एक मुलगी विचारून गेलीय. आता पुन्हा उशीर झाला तर मी तिला बोलावणार."

मी हबकलेच. एकोणीस वर्षांनी असं कुणी तोंडावर सांगेल असं वाटलं नव्हतं.

नवऱ्याची मोटरसायकल त्याच्याबरोबर आंबीच्या कारखान्यात जाते, आणि गिअरची गाडी मला येत नाही. रोज चाळीस किलोमीटर घाटातून पेट्रोल जाळणं परवडणारं नव्हतं. म्हणून इलेक्ट्रिक. मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. एक म्हणे ही घ्या, दुसरा म्हणे तिचं नाव काढू नका. पंधरा दिवसांत मी इतकी शहाणी झाले की मला काहीच ठरवता येईना. शेवटी एक पिस्ता रंगाची मनात भरली. सगळ्यांत स्वस्त, आणि तिला लायसन्सही लागत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी परीक्षा द्यायला नको, यातच मी खूश होते.

"मी येतो," आबा म्हणाले. "जनावर बघाया घरचा माणूस लागतो."

आबा म्हणजे माझे सासरे. एके काळी पाच गावांतली माणसं बैल घेताना त्यांना चाकणच्या बाजाराला घेऊन जायची. आता आमच्याकडे नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. शेवटची जोडी जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून आबा बाजेवर बसून रस्त्याकडे बघतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना कुणी काही विचारत नाही. मीही विचारत नव्हते.

दुकानात त्यांनी पिस्ता रंगाच्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. सीट दाबून बघितली, वाकून पोटाखाली बघितलं. दात बघायचे तेवढे राहिले, असं मी पुटपुटले.

"काका, एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटर," सेल्समन म्हणाला.

"कोन म्हनतं?"

"कंपनी म्हणते."

"बैल इकनारा बी त्येच म्हनतो. घाटात चला. वझं घालून चढाला लावल्याबिगर आमी जनावर घेत न्हाई."

सेल्समननं चौकातून एक चक्कर मारायची तयारी दाखवली. आबा हलेनात. शेवटी पोरगं बिचारं कबूल झालं. तो पुढे, मी मागे, पायांशी पोतं, आणि आबा रिक्षातून मागोमाग. सपाटीला गाडी छान पळाली. मी मनातल्या मनात आबांना दोन शब्द सुनावूनही घेतले. मग चढ लागला. गाडी आधी कण्हली, मग चालणाऱ्या माणसाइतकी हळू झाली, आणि मधल्या वळणावर ठप्प. ठप्प झाली ती झाली, वर मागे घसरायला लागली. मागून टेम्पो येत होता. मी दोन्ही पाय रस्त्यावर टेकले, माझी एक चप्पल निघून गेली, आणि टेम्पोवाल्यानं जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ही गाडी मी चालवणार होते. पावसाळ्यात, धुक्यात, एकटी.

आबा रिक्षातून उतरले. "दिसाया देखनी, पर चढाला कामाची न्हाई ही," ते म्हणाले. मग सेल्समनला म्हणाले, "दुसरं दाव."

दुसरी राखाडी रंगाची, जड, महाग आणि लायसन्सवाली. पोत्यासकट आम्हा दोघांना घेऊन ती खिंडीत चढली आणि थांबवून पुन्हा उचलली तरी चढली. दुकानात परत आल्यावर आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सेल्समनचा हात धरला आणि वर टॉवेल झाकला. बैलबाजारात भाव असाच होतो, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. सेल्समन विंचू चावल्यासारखा मागे सरकला.

"काका, रेट फिक्स असतो!"

आबांचा हात तसाच टॉवेलाखाली राहिला. मला तेव्हा फक्त लाज वाटली. आम्ही हप्त्यावर गाडी घेतली, हेल्मेट फुकट मिळालं आणि पोतं परत घरी आलं.

लायसन्स काढलं. जूनपासून मी रोज सातला दहा कमी असताना लॅबच्या दारात उभी. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्याही, "गाडी लाभली तुला."

गाडी ठेवायला जागा एकच होती, रिकामा गोठा. तिथंच नवऱ्यानं बोर्ड बसवून दिला. चार्जिंगचं खातं आबांनी स्वतःकडे घेतलं. मी आल्या आल्या वायर लावायला गेले की ओरडायचे, "दमून आल्यालीला लगेच चारा घालू ने. धाप जिरू दे." मी कपाळावर हात मारून घ्यायचे. मग एकदा गाडीचं पुस्तक चाळताना वाचलं, की घाटातून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. मी ते पान दोनदा वाचलं. आबांना मात्र सांगितलं नाही. एवढा मोठेपणा माझ्यात कुठला!

पोळा त्या वर्षी रविवारी आला. सकाळभर मी पुरणात अडकलेली. नवऱ्याला दुपार-रात्र अशी जोडपाळी लागली होती, तो दुपारीच निघून गेला. गाडी चार्जिंगला आहे ना ते बघायला मी गोठ्यात डोकावले, तर गोठा रिकामा. शेजारीण म्हणाली, "आबा घिऊन गेलं की ओढ्यावं."

मी हातातली पळी तशीच घेऊन धावले.

ओढ्याला पाणी चांगलं होतं. गावातले उरलेसुरले चार बैल धुवायला आणलेले, आणि त्यांच्या रांगेत माझी राखाडी स्कूटर. पाणी तिच्या पायठेवणीच्या वर. आरशांना लाल-हिरवे गोंडे, हँडलवर हळद आणि तूप चोळलेलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना चोळतात तसं. आबा गुडघाभर पाण्यात उभं राहून पेंढ्याच्या चुंभळीनं तिची पाठ घासत होते. पाच वर्षांत त्यांना एवढं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

मी किंचाळले. "आबा! ते जनावर आहे का? अक्कल गहाण टाकलीत काय?"

सगळे बैल सोडून माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"पोळ्याला तिला पारुशी ठिवू व्हय?" आबा म्हणाले.

"उद्या माझी नोकरी गेली तर तुम्ही देणार आहात का? तुम्हाला कुणी विचारलं होतं? काही विचारत नाही तुम्हाला कुणी, ते बरंच आहे!"

सासऱ्याला, भर गावात, सणाच्या दिवशी. माझ्याच तोंडचे शब्द ऐकून मी चरकले, पण मागे घेतले नाहीत. आबांनी गाडी ढकलत बाहेर काढली. पाण्याबाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या अंगठ्यातून रक्त येत होतं, दगडानं कापलं असावं. "लागलंय तुम्हाला," मी रागातच म्हणाले. त्यांनी खाली बघितलं. "कुटं? मला काय कळ्ळं न्हाई," म्हणाले आणि गाडी घेऊन चालू लागले. मी पुढचं काही विचारलं नाही.

गाडी सुरू झाली नाही. दिवा नाही, आवाज नाही. मी पुरणपोळी न खाताच उठले. आबा जेवायला आलेच नाहीत.

सोमवारी पहाटे साडेपाचला मी जीपच्या थांब्यावर निघाले, ते हरल्यासारखीच. सोमवारची जीप भरायला साडेसहा वाजणार, डॉक्टरीणबाई त्या मुलीला फोन करणार. पुढचं सगळं मला दिसत होतं.

जीप भरलेली होती.

आत नऊ म्हातारे. डोक्याला मफलर, अंगावर घोंगड्या, मांडीला मांडी लावून बसलेले. मारुतीच्या पारावर रोज बसणारी सगळी फौज. नववे आबा, मागच्या दाराशी. मी रस्त्यात थिजून उभी राहिले.

"येकच जागा हाय," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "बस."

ड्रायव्हर हसत होता. "पाचपासून बसल्यात ताई. मला झोपू दिलं न्हाई."

खिंडीत धुकं होतं. म्हातारे मफलर सावरत माझी नजर चुकवत होते. शेवटी एक आजोबा खाकरून म्हणाले, "आमाला लोनावळा बघायचा हुता." जन्म गेला त्यांचा लोणावळ्याला भात आणि दूध विकण्यात. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी बाहेर बघत राहिले.

सातला दहा कमी असताना आम्ही लॅबपाशी उतरलो. डॉक्टरीणबाई कुलूप काढत होत्या. त्यांनी घोंगड्यांची रांग बघितली आणि किल्ली हातातच राहिली. "एवढे पेशंट?"

मी सगळं सांगितलं. ओढ्यासकट. त्या हसता हसता दारालाच टेकल्या. मग म्हणाल्या, "उपाशी आहेत का सगळे?"

"व्हय," आबा म्हणाले. "चा बी न्हाई घेतला."

"मग आलेच आहेत तर सगळ्यांची साखर बघ. माझ्याकडून."

म्हातारे बाकावर बसले. मी एकेकाचं बोट धरून टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, आकडा सांगितला. चेष्टा चालली होती, कुणाची साखर कारखान्याइतकी निघते म्हणून. आठ जण झाले. कुणाची थोडी जास्त, बाकी ठीक.

शेवटी आबा. त्यांनी टॉवेलाखालून हात पुढे केला. तोच हात, जो दुकानातल्या त्या पोरानं झिडकारला होता. एकोणीस वर्षांत मी तो एकदाही हातात घेतला नव्हता. मी टोचलं.

मशीननं चारशे अडतीस दाखवलं.

पट्टी खराब असेल म्हणून मी दुसरी घेतली. पुन्हा तेच. मी खाली बसले आणि त्यांची उजवी चप्पल काढली. अंगठा काळानिळा, टम्म सुजलेला, आणि कापलेलं तसंच उघडं. या पायानं ते पहाटे म्हातारे गोळा करत दारोदार फिरले होते.

"आबा, दुखत नाही हे?"

"न्हाई गं. तितं काईच कळत न्हाई. लय दिस झालं."

मागे डॉक्टरीणबाई फोनवर हॉस्पिटलशी बोलायला लागल्या होत्या. मी पाय मांडीवर घेऊन बसलेली, आणि आबा माझ्या डोक्यावरून भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

"मंग," त्यांनी विचारलं, "येळंत पोचलीस नव्हं?"