गारांची घंटा

व्हिएन्नाच्या राणीचा सायलेशिया प्रांत प्रशियाच्या राजाने गिळला होता आणि राणी तो परत मागत होती. भांडण एवढंच. ब्रेझिना गावातल्या कुणीही सायलेशिया पाहिलेला नव्हता, कुणाला तो हवाही नव्हता. पण राजेरजवाडे एकमेकांच्या झिंज्या उपटायला निघाले की मधल्या वाटेवरच्या गावांना कोण विचारतो? सतराशे सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात प्रशियाचं सैन्य राणीच्या ताब्यातल्या बोहेमियात, म्हणजे ब्रेझिनाच्या मुलखात, घुसलं, कोलीनजवळ सपाटून मार खाऊन मागे फिरलं, आणि परतताना त्यातली एक तुकडी ब्रेझिनाच्या वरच्या अंगाला, जमीनदाराच्या रिकाम्या हवेलीत येऊन बसली.

प्रोकोप क्वापिल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि गावच्या चर्चमधली घंटा वाजवायचा. त्याचा बापही तेच करायचा, आजाही. घंटेचं नाव बार्बोरा. तिचं रीतसर बारसं झालेलं होतं आणि तिचे धर्माचे आईबापही होते. प्रार्थनेला, लग्नाला, मयताला तर ती वाजायचीच, पण तिचं खरं काम गारांचं. पश्चिमेच्या टेकडीवर काळा ढग चढू लागला की प्रोकोपने हातातलं टाकून धावत सुटायचं आणि दोर ओढायचा. प्रार्थनेसारखं घाईघाईने नाही, एकेक टोला सुटा, जड, मध्ये दम घेऊन. त्या आवाजाने ढग फाटतो आणि गार विरघळते, हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. त्याचं बलुतं म्हणून सुगीला घरटी एक पेंढी त्याच्या दारात पडायची.

प्रोकोपचा थोरला भाऊ शिमोन हा गावचा मुखिया. मोठ्या तोंडाचा, हसरा माणूस. प्रशियाच्या कप्तानाने गवत मागितलं, घोड्यांना चारायला ओट मागितले, घोडे मागितले, आणि शेवटी शिमोनलाच मागितलं, ओलीस म्हणून. राणीचे क्रोआट घोडेस्वार आसपासच्या रानात दबा धरून होते. गावातून त्यांना इशारा जाऊ नये, अशी कप्तानाची काळजी होती. त्याच्याबरोबर सायलेशियाचा एक नाईक होता, त्याला गावची चेक भाषा मोडकीतोडकी बोलता यायची.

"घंटा वाजली तर हा टांगला," नाईक म्हणाला. "प्रार्थनेला नाही, मयताला नाही, आग लागली तरी नाही. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गारांचं नाव नाईकाने काढलं नाही आणि गावानेही विचारलं नाही. का विचारलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या लेखी गारांची घंटा हे वाजवणं नव्हतंच. नांगरणी, पेरणी, तसंच ते एक शेताचं काम. नांगरायला कुणी बंदी करतं का?

शिमोन जाताना बायकोला म्हणाला, "रोझिना, रडतेस काय? जन्मभर त्या हवेलीत वेठ करायला गेलो, आता पाहुणा म्हणून चाललोय. पोरींना सांग, बाप जमीनदार झाला."

"तोंड आवरा तिथे तरी," रोझिना म्हणाली आणि त्याच्या खिशात पावाचा तुकडा कोंबला.

अकरा दिवस गेले. जुलैच्या मध्यावरचा संत मार्गारेटचा दिवस उलटला होता आणि राय, म्हणजे तिकडचं पावाचं धान्य, कापायला आली होती. कणसं भरून वाकलेली. सैन्याने कोठारं केव्हाच धुऊन नेली होती, त्यामुळे गावाचा पुढचा हिवाळा म्हणजे शेतात उभं होतं तेवढंच. दुसऱ्या दिवशी विळे लावायचं ठरलं, आणि दुपारी पश्चिमेची टेकडी काळी पडली. कडांना हिरवट झाक असलेला ढग. असा ढग म्हणजे गारा, हे म्हाताऱ्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं.

बायकांनी मंतरलेल्या मेणबत्त्या खिडक्यांत लावल्या. पुरुष चर्चपाशी जमले.

"प्रोक्या, बघतोस काय? ओढ दोर!" गिरणीवाला वोंद्रा ओरडला.

"माझा भाऊ तिथे आहे."

"आणि आमची पोरं इथे आहेत! हिवाळ्यात काय त्यांना दगड शिजवून घालू?"

पाद्री अंब्रोझबाबा जपमाळ ओढत होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलं की ते डोळे मिटून घेत. प्रोकोपला वेळ नव्हता. ढग डोक्यावर आल्यावर वाजवून उपयोग नसतो, तो रानापलीकडे असतानाच धरावा लागतो. तो धावत भावाच्या घरी गेला. रोझिना अंगणात उभी होती, दोन्ही पोरी तिच्या झग्याला धरून.

"वहिनी, तुम्ही सांगा. वाजवू?"

तिने शेताकडे पाहिलं, मग हवेलीकडे.

"ते काय आंधळे आहेत?" ती म्हणाली. "त्यांच्याही डोक्यावर हाच ढग आहे ना? गारांची घंटा कुणाला कळत नाही, भावजी? वाजवा."

प्रोकोपने वाजवली. तासभर वाजवली. तळहात सोलून दोर ओला झाला तरी थांबला नाही. ढग रानावर आला, घुटमळला आणि ओढ्यापलीकडे वळला. पलीकडच्या ल्होता गावावर अंड्याएवढ्या गारा पडल्या, तिथलं पीक जमीनदोस्त झालं. ब्रेझिनात एक गार पडली नाही. लोक रस्त्यातच गुडघ्यांवर बसले. कुणीतरी प्रोकोपच्या रक्ताळलेल्या हातांचे मुके घेतले.

तो मात्र हवेलीकडे पळत सुटला. पोचेपर्यंत ऊन पडलं होतं.

"साहेब, गारांची घंटा होती," तो धापा टाकत म्हणाला. "इशारा नव्हता. गारा हाकलायला वाजवतात ती."

नाईकाने सांगितलं. कप्तानाने स्वच्छ आभाळाकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात, गारा कुठे आहेत?"

"पडल्या नाहीत ना! म्हणूनच तर!"

अंगणातले शिपाई खो खो हसले. ते सगळे उत्तरेकडचे, वेगळ्या पंथाचे. त्यांच्या धर्मगुरूंनी असली घंटा कधीच भोंदूपणा म्हणून मोडीत काढली होती. आणि दैव असं, की नेमक्या त्याच तासात क्रोआट स्वारांनी रानात ओटांच्या गाड्या लुटल्या होत्या आणि दोन शिपाई कापले होते. कप्तानाला आणखी पुरावा नको होता.

शिमोनला बाहेर आणलं. हात मागे बांधलेले, चेहरा पांढराफटक. लहान भावाला पाहून त्याने ओठ ओले केले.

"पीक वाचलं का रे, गाढवा?"

"वाचलं, दादा."

"सगळं?"

"सगळं."

"मग झालं तर. पोरींकडे बघ."

हवेलीसमोरच्या लिंडेनच्या झाडाला त्याला टांगलं. प्रोकोपला ते पाहायला लावलं.

आठवड्याभराने सैन्य निघून गेलं. त्या हिवाळ्यात ल्होतातले लोक झाडाची साल दळून पिठात मिसळत होते, तिथे चाळीसच्या वर माणसं गेली. ब्रेझिनात पाव होता. लोक म्हणायचे, हा पाव शिमोनने दिला. त्याच्या नावाने दरवर्षी प्रार्थना होऊ लागली. प्रोकोपने आपल्याला आधी विचारलं होतं, हे रोझिनाने कुणाला सांगितलं नाही. प्रोकोपनेही नाही. त्या दोघांनी आपापसातही तो विषय कधी काढला नाही. पण सुगीला त्याच्या दारात पहिली पेंढी तिची पडायची, सगळ्यांच्या आधी. ती पेंढी उचलताना त्याचा जीव जड व्हायचा, आणि थोडा हलकाही व्हायचा.

सहा वर्षांनी राजाराणींनी तह केला. सायलेशिया प्रशियाकडेच राहिला. म्हणजे जिथे होता तिथेच. इतक्या लोकांना मातीत घालून यांनी काय मिळवलं ते यांनाच ठाऊक.

प्रोकोपने लग्न केलं नाही. वहिनीचं शेत नांगरलं, पुतण्यांची लग्नं लावून दिली. ढग आला की तो मनोऱ्यात हजर. जेवता जेवता उठला, तापात उठला, एकदा तर पुतणीच्या वरातीतून पळाला. दरवेळी गारा थांबत, असं नव्हे. तीन-चारदा चांगल्याच झोडपून गेल्या. मग वोंद्रा म्हणायचा, "प्रोक्या, उशीर केलास, लेका. पाय म्हातारे झाले तुझे." आणि प्रोकोप मान खाली घालून म्हणायचा, "हो, उशीर झाला." झालेला नसायचा. त्याने ढग टेकडीपलीकडे असतानाच दोर धरलेला असायचा. पण आळशी म्हणवून घेणं त्याला परवडायचं, घंटेवर बोट ठेवलेलं परवडायचं नाही. घंटा खोटी म्हणजे भावाचा जीव फुकट गेला, हा हिशोब त्याला झोपेतही चुकत नव्हता.

मग राणी वारली. सगळा कारभार आता तिच्या मुलाच्या, बादशहाच्या, हाती आला. हा शहाणा, पुस्तकं वाचणारा, सगळं सुधारायला निघालेला. त्याने वेठीचा फास सैल केला म्हणून लोकांनी त्याला दुवा दिला. आणि सतराशे त्र्याऐंशी साली त्याचं एक फर्मान नव्या तरुण पाद्रीबाबांनी रविवारी वाचून दाखवलं. वादळात घंटा वाजवल्याने गारा थांबत नाहीत. हा अडाणी समज आहे. उलट मनोऱ्यावर वीज पडून वाजवणारेच मरतात. यापुढे वादळात घंटा वाजवायला सर्वत्र बंदी.

चर्चमध्ये कुजबुज झाली. मागून म्हातारा वोंद्रा मोठ्याने म्हणाला, "मग इतकी वर्षं पेंढ्या कशाच्या खाल्ल्यास रे, प्रोक्या?"

लोक हसले. मग एकेकाला आठवलं आणि हसणं जागच्या जागी विझलं. दुसऱ्या बाकावर रोझिना बसली होती. ती उठली, ओढणी नीट केली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली.

संध्याकाळी प्रोकोप तिच्याकडे गेला. ती चुलीपुढे बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"वहिनी, व्हिएन्नात बसून बादशहाला काय कळतं गारांचं?"

"त्याला नसेल कळत. तुम्हाला कळतं," ती म्हणाली. "तुम्ही जन्मभर वाजवलीत. थांबतात का?"

"त्या दिवशी थांबल्या."

"बाकीच्या दिवशी?"

प्रोकोप उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "कधी थांबल्या. कधी नाही."

"तुम्ही वेळेवर पोचून?"

"वेळेवर पोचून."

तिने चुलीतली थंड राख काडीने उकरली.

"म्हणजे मी त्यांना उगाच मारलं," ती म्हणाली.

"वाजवली मी, वहिनी."

"सांगितलं मी. तुम्ही नसती वाजवलीत. म्हणून तर माझ्याकडे आलात. मी म्हटलं, वाजवा." तिने तोंडावर हात घेतला, पण डोळे कोरडेच होते. "भावजी, मी पिकाकडे आधी बघितलं. हवेलीकडे नंतर."

प्रोकोपला स्वतःचीच इतकी लाज वाटत होती की वहिनीची समजूत घालायला त्याच्यात जागाच उरली नव्हती. तो तसाच उठून आला.

जुलै आला. राय पिकली. एका दुपारी पश्चिमेच्या टेकडीवर तसाच ढग चढला, कडांना हिरवट. मनोऱ्याला कुलूप होतं आणि किल्ली पाद्रीबाबांकडे. लोक घराघरांत मेणबत्त्या लावून बसले. प्रोकोपचे हात आपोआप दोर शोधू लागले. ते त्याने काखेत दाबून धरले आणि तो वहिनीच्या शेताकडे चालू लागला.

रोझिना बांधावर उभी होती. ओढणी वाऱ्याने उडून गेली होती, पांढरे केस तोंडावर येत होते. ती मान वर करून ढगाशी बोलत होती.

"पड," ती म्हणत होती. "पड की, मेल्या! एवढी राय उभी आहे, घे सगळी. एक कणीस ठेवू नकोस. पड!"

प्रोकोपने टोपी काढली. आज गारा पडल्या, सगळं झोपलं, तर त्या दिवशीची घंटा खरी होती. तर शिमोन कशासाठी तरी गेला. जन्मभर ज्याने गारा हाकलल्या तो माणूस पिकलेल्या रानात उभा राहून मनापासून मागू लागला, देवा, गारा पाड. आपल्या गावावर पाड. पुतण्यांच्या लेकरांच्या तोंडचा घास जाईल, हे त्याला कळत होतं. तरी तो मागत राहिला.

ढग रानावर आला. घुटमळला. कानठळ्या बसवणारा एक गडगडाट झाला, चार मोठे थेंब प्रोकोपच्या टकलावर पडले. मग वारा फिरला आणि ढग ओढ्यापलीकडे सरकून विरून गेला. ऊन पडलं. राय होती तशी उभी होती, ओलीसुद्धा झाली नव्हती.

गावातून आरडाओरडा ऐकू आला. लोक घराबाहेर पळत येत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. "गेला! न वाजवताच गेला!" वोंद्राचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

रोझिना उभ्या पिकात खाली बसली आणि रडू लागली. शिमोनच्या मयतालाही ती रडली नव्हती. प्रोकोप तिच्या शेजारी बसला. दोघांच्या डोक्यांवर कणसं हलत होती.

"एक तरी पडायला हवी होती, भावजी," ती म्हणाली. "एक तरी."