उकंडरावांचा अर्ज

कुणाला नाही म्हणणं शिवमला जन्मात जमलं नाही. सोनाळ्याच्या बसथांब्यापाशी त्याचं ऑनलाइन कामांचं दुकान. ज्या साली बीटी कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली, त्या साली नुकसानीचे अर्ज साइटवर भरायचा हुकूम आला आणि गाव त्याच्या दारात येऊन बसलं. साइट सदा अडकलेली. एक अर्ज जाईपर्यंत सकाळ सरायची.

शिवमनं मग डोकं चालवलं. वेबसाइटला विनंती पाठवायची आणि तिचं उत्तर आणून द्यायचं, एवढंच काम करणारी एक लायब्ररी, म्हणजे कुणी परक्यांनी लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला तयार कोड, त्यानं इंटरनेटवरून उतरवून घेतली. तिच्या जोरावर छोटा प्रोग्राम लिहिला. अर्ज आपोआप जाऊ लागले. उत्तर आलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'जमा' उमटायचं, आणि शिवम तशी चिठ्ठी छापून द्यायचा. पोचनंबर मागाहून मोबाइलवर येईल, असं छातीठोक सांगायचा. तानुबाईनं तर आपली चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं.

त्याचे वडील उकंडराव पारावर मिशांना पीळ देत बसायचे. "आमच्या शिवमनं धाडलेला अर्ज वापस येत नाही. दुसरीकडं कायले जाता?"

मदत आली. शिवमकडे अर्ज दिलेल्यांपैकी ती मिळाली फक्त उकंडरावांना.

शिवमनं घाम पुसत प्रोग्राम तपासला. एकाच दुकानातून अर्जांचा लोंढा येताना पाहून साइटनं पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं होतं. तेव्हापासून प्रत्येक अर्जाला एकच उत्तर, नाकारला. त्या लायब्ररीला होकारही उत्तर आणि नकारही उत्तर. नकार आला तर ओरड, असं तिला एका ओळीत बजावून ठेवावं लागतं. तसं तिच्या माहितीत लिहिलेलंही होतं. शिवमनं तेवढंच वाचलं नव्हतं. मूर्खपणा त्याचाच, दुसऱ्या कुणाचा नाही. पण वडिलांचा अर्जही तिथं नाकारलेलाच दिसत होता.

"आई, मंग आपल्याले मदत कशी भेटली?"

कोकिळाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "तुह्या बाबानं जळगाव जामोदले जाऊन दुसरा भरला. म्हणे, पोट्ट्याच्या भरोशावर कोन राहीन."

संध्याकाळी पारावर शिवमनं हात जोडून आपली चूक सांगितली. कुणी शिवी दिली नाही. तानुबाईनं एवढंच विचारलं, "सगळ्यायचे अर्ज बुडाले, मंग तुह्या बापाचाच कसा तरला रे?"

शिवमनं वडिलांकडे पाहिलं. मी जळगावला गेलो होतो, एवढं ते म्हणाले असते तर पोरगा लबाड ठरला नसता. मूर्ख ठरला असता, आणि मूर्ख म्हणून गावानं त्याला सांभाळूनही घेतलं असतं. पण मग या पारावरच्या फुशारकीचं काय?

उकंडरावांनी सावकाश तंबाखू मळली, चिमूट गालात धरली. "पोट्टं हाय. घरच्याचं आधी पाह्यलं त्यानं. माफ करा त्याले."

जळगावचं नाव शिवमच्या ओठांवर आलं होतं. बापासमोर तेही जमलं नाही.

तानुबाईनं माफ केलं. हळदकुंकू लागलेली चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि ती घराकडे वळली. तिच्यामागून बाकीचेही उठले.

ती एक ओळ शिवमनं दुसऱ्याच दिवशी घातली. प्रोग्राम आता बिनचूक चालतो. दुकानात कुणी येत नाही. उकंडरावांना काही अर्ज भरायचा असला, की ते सकाळच्या बसनं जळगावला जातात.