पाठीमागचं धूसर

लाबोनीच्या किनाऱ्यावर कुणाचा कॅमेरा रुसला की एकच आरोळी ऐकू यायची, "अबसारला बोलवा रे!" नुरुल अबसार काही मेकॅनिक नव्हता. आमच्यासारखाच लाल जाकीट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून, "भाभी, एक फोटो! भाई, जोडीने या की!" करत वाळू तुडवणारा. पण आम्ही बाकीचे कॅमेरा बंद पडला की बॅटरी काढायचो, घालायचो आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. अबसार शांतपणे लेन्स उतरवायचा, तिच्या मागच्या पितळी टिकल्यांवर चढलेलं मीठ शाळेतल्या खोडरबराने घासायचा, फुग्याने वाळू उडवायचा, आणि पडद्यावरचा एरर गेलेला असायचा.

हॉटेलच्या एसी खोलीतून हौशी पर्यटक कॅमेरा घेऊन थेट बाहेर येत आणि काचेवर वाफ धरली की शर्टाने पुसत बसत. अबसारला ते बघवायचं नाही. "पुसू नका हो साहेब! पिशवीत घाला, तोंड बांधा, त्याला बाहेरची हवा सोसू द्या. तोवर चहा घेऊ." तो चहा, बेला बिस्किटांसकट, माझ्याच खिशातून. मी जाहेद. आम्ही दोघं एकाच पट्ट्यात फिरायचो, त्यामुळे डॉक्टरची फी भरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं.

दोन गोष्टींचा त्याला भारी अभिमान. एक, त्याच्या फोटोतलं पाठीमागचं धूसर. भिंगाचं तोंड पुरतं उघडं ठेवून तो असा नेम धरायचा की नवरीच्या पापण्या मोजाव्यात, आणि मागची गर्दी, घोडे, छत्र्या, लाटा सगळं विरघळून जावं. "हे मोबाइलला जमतं का?" असं तो गिऱ्हाइकाला छाती काढून विचारायचा.

दुसरा अभिमान कार्ड कोरं करण्याचा. आमच्या धंद्यात ढिगाने फोटो काढायचे, गिऱ्हाइकाने हवे ते निवडायचे, तेवढे त्याच्या मोबाइलमध्ये भरायचे. उरलेल्यांचं काय होतं, ही बायकांना धास्ती. भिजल्या अंगाचे फोटो कुठे फिरतील, कुणी सांगावं? म्हणून अबसार त्यांच्यासमोर पडदा धरून अख्खं कार्ड फॉरमॅट करायचा. "बघा आपा, एकही राहिला नाही." मी म्हणायचो, "अरे, निदान संध्याकाळपर्यंत थांब. एखादी परत येते आणि म्हणते, तो दुसरा पण हवा." मी कार्डावरचं काहीच पुसत नसे, म्हणून त्याचं ठरलेलं उत्तर, "परत येणाऱ्यांसाठी तू आहेस ना, कबाडखाना."

ईदचा दुसरा दिवस होता. वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुमिल्ल्याहून आलेलं एक कुटुंब अबसारने टिपलं: शाहेदभाई, त्यांची बायको नासिफा आपा आणि सहा वर्षांचा इश्माम. नारिंगी शर्ट, सैल चड्डी, एक मिनिट स्थिर उभा राहील तर शपथ. फोटो निवडले, शाहेदभाईंच्या मोबाइलमध्ये गेले, अबसारने कार्ड कोरं करून दाखवलं आणि तिथेच, चार पावलांवर, राजशाही शहरातून आलेल्या एका नव्या जोडप्याला उभं केलं.

ते जोडपं फोटो निवडत होतं तेव्हाच आपा धावत आल्या. "इश्माम दिसला का? तुमच्याकडे आला होता का?"

शाहेदभाई कमरेएवढ्या पाण्यात शिरून हाका मारत होते. बाहेर आले तेव्हा खिशातला मोबाइल पाणी ओकत होता. मदत केंद्रातल्या माणसाने विचारलं, "आजचा फोटो आहे? फोटो द्या, लगेच सगळीकडे पाठवतो." शाहेदभाईंनी तो मेलेला मोबाइल पुढे केला. मग दोघांनीही अबसारकडे पाहिलं.

"आपा, मी..." अबसार म्हणाला.

"पुसलेत," आपाच म्हणाल्या. "माझ्यासमोर पुसलेत."

त्याने झटकन कॅमेरा बंद केला आणि कार्ड बाहेर काढलं. "पुसलेलं लगेच मरत नाही, आपा. वर नवे फोटो बसले की जुने जातात. नवे मोजकेच आहेत. मी आणतो. तुम्ही हाका मारत राहा." राजशाहीचा नवरा बिचारा म्हणाला, "आमचे फोटो राहू द्या, तुम्ही पळा."

आम्ही हेलालच्या प्रिंटच्या दुकानात घुसलो. रांगेतल्यांना मी अक्षरशः ढकललं. कार्ड लावलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, कार्डच नाही. खारी हवा, दुसरं काय! अबसारने खोडरबर काढला. घाईत रबर दोनदा खाली पडला. घासलं, फुंकलं, पुन्हा लावलं. वाचलं. मिटवलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. एवढ्यात वीज गेली.

"हेलाल!" मी ओरडलो. "जनरेटर काय लग्नात लावायला ठेवलायस का?"

"लावतोय ना, बाबा! दोरी तरी ओढू दे!"

पुन्हा पहिल्यापासून. एकेक फोटो वर येऊ लागला. कपाळापर्यंत इश्माम, खाली राखाडी पट्टा. पुढच्यात एक डोळा आणि पुन्हा राखाडी. अबसार पुटपुटत होता, "या अल्ला, एक. एकच दे." आणि आला. पुरा फोटो. नारिंगी शर्ट, दात विचकलेले, आईच्या ओढणीचं टोक मुठीत. मी मोठ्याने रडलो, लाज वाटली नाही.

फोटो क्षणात सगळीकडे गेला. रिक्षावाले, बसस्टँड, शिंपल्यांची दुकानं, शुटकीचा, म्हणजे सुक्या मासळीचा बाजार. कुणीतरी म्हणालं, पोरं पळवणारी टोळी आलीय. झालं, अर्धा किनारा रस्त्याकडे धावला. शाहेदभाईही.

अबसार मात्र खुर्चीतून उठला नाही. आणखी एखादा चांगला चेहरा मिळतो का, म्हणून कार्ड चाळत राहिला. चाळता चाळता त्या जोडप्याच्या फोटोंवर आला. हे पुसलेले नव्हतेच. पहिल्यापासून कार्डावर धडधडीत होते, कुणाला शोधावे लागले नव्हते. नवरी हसतेय, पापण्या मोजाव्यात. तिच्या खांद्यामागे, विरघळलेल्या किनाऱ्यावर, नारिंगी ठिपका. पुढच्या फोटोत ठिपका पाण्याजवळ. त्याच्या पुढच्यात पाण्यात. मग नुसतं पाणी.

"जाहेद," तो म्हणाला, "आपण भलतीकडे शोधतोय."

कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून आम्ही किनाऱ्यावर पळत आलो आणि शाहेदभाईंना रस्त्यावरून परत बोलावलं. शाहेदभाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "हा कोणीही असेल. नारिंगी शर्ट काय एकट्याचा आहे? याला चेहरा तरी आहे का?" आपांनी कॅमेरा हातात घेतला. धूसर ठिपक्याचा एक हात कमरेशी होता. "चड्डी वर ओढतोय," त्या म्हणाल्या.

जीवरक्षक बोर्ड घेऊन आत गेले, पण ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. इश्माम दुसऱ्या दिवशी दक्षिणेला मच्छिमारांना सापडला.

मी अबसारला किती समजावलं! गर्दीत हजार माणसं होती, जीवरक्षक होते, आईबाप होते, कुणालाच दिसलं नाही, मग तुलाच कसं दिसणार होतं? ऐकून घेतो. पण आता तो भिंगाचं तोंड बारीक करून फोटो काढतो. नवरीबरोबर घोडा, छत्री, जहाज, क्षितिज सगळं लख्ख. गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात, "यापेक्षा आमचा मोबाइल बरा." धंदा बसला. मला त्याचा राग येतो, शिव्या देतो आणि मग चहा सांगतो.

आपांचा फोन दर ईदला येतो. गेल्या ईदला आला तेव्हा मी शेजारीच होतो. त्या म्हणत होत्या, "अबसारभाई, आता म्हणे नवं काहीतरी निघालंय, धूसर चेहरा स्पष्ट करून देतं. बघाल का?"

तो लगेच हेलालकडे गेला, मीही मागोमाग. त्या नव्या सॉफ्टवेअरने नारिंगी ठिपक्याला चेहरा दिला, छान, गोरा, सरळ दातांचा. दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाचा. अबसारने तो तिथेच पुसला आणि आपांना फोन लावला. "नाही जमलं, आपा."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तर समोरच होतात. तुम्हाला दिसला असेल. घाबरला होता का हो?"

"नाही, आपा," अबसार म्हणाला. "हसत होता."

त्याने फोन खिशात घातला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. फोटो काढताना नेम नवरीच्या डोळ्यांवर धरायचा असतो, हे त्यानेच मला शिकवलं होतं. त्या दिवशीही त्याची नजर तिथेच होती.