गोड्या पाण्यात धुतलेली रुई

रुईच्या धुवणात मीठ सापडलं, म्हणून तुम्ही कधी कोणाला चोर म्हटलं आहे काय?

अकोल्याच्या बाजारात माझ्या मामाला म्हटलं गेलं. अमेरिकेत लढाई चाललेली, विलायतेला आमच्या कापसाची हाव सुटलेली. त्या तेजीत मिठाच्या पाण्याने रुई ओली करून वजन वाढवणारे खरेच बोकाळले होते. म्हणून अडत्याने मामाची मूठभर रुई तिथल्याच विहिरीच्या पाण्यात उकळली, रुई काढली आणि पाणी आटवलं. पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर राहिला.

"काहून बे, मिठाचं पानी शिंपडून वजन वाढवतं काय?" तो सगळ्यांदेखत ओरडला.

मी शास्त्राच्या छापील पुस्तिकांवर वाढलेला. म्हणालो, "शेठ, तुमची विहीर खारी आहे. नुसतं पाणी आटवून पाहा."

"कापूस तोलू का पानी उकळत बसू? मामाले सोडवाले आला मोठा पंडित!"

सगळे हसले. मामाचे गठ्ठे परत गाडीत चढले. त्या दिवसापासून बाजारात मामाकडे कोणी चिलीम पुढे केली नाही. माझ्याकडेही नाही.

त्याच गठ्ठ्यातली रुई घेऊन मी अमरावतीला माझ्या खोलीवर गेलो. तिथलं पाणी गोड. रुई उकळली, काढली, पाणी आटवलं. मीठ नाही, रुईच्या अंगचं जे थोडं सुटतं, त्याचा तपकिरी डाग तेवढा राहिला. पातेलं उजेडाकडे धरून मी मोठ्याने म्हणालो, "पाहा!"

खोलीत कोणी नव्हतं. शेजारीपाजारी सगळे कापसाचा भाव विचारायला गेलेले. हातात खरं असताना इतका एकटा मी कधी नव्हतो.

अकोल्याला येऊन अडत्यापुढे ते पातेलं धरलं. त्याने मान वर न करताच विचारलं, "अमरावतीत कोनं पायलं?"

शेवटी त्याच विहिरीपाशी मामाने आणि मी तीन दगडांची चूल मांडली आणि नुसतं पाणी आटवलं. तसाच पांढरा थर. पाणी भरायला आलेले लोक आम्हाला वळसा घालून जात होते. मामाने बोट लावून चाखलं.

"खारट हाय," तो म्हणाला. "पन मले काहून दाखवून राहिला, बाप्पा? मले तं माईतच होतं. त्याइले दाखव."

ते बाजारवाले आले नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो. अकोल्याच्या बाजारात याल, तेव्हा त्या विहिरीचं तांब्याभर पाणी सगळ्यांसमोर आटवा, आणि बुडाशी उरेल ते त्या अडत्याच्या जिभेवर ठेवा.