माझा निबंध त्याच्या तोंडी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. जुन्नरला बी.ए.ला असताना एका मित्राचं इंग्रजी मी मारलं. जाणूनबुजून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तो डिंभ्याचा, धरणाकाठचा; मी आण्याच्या कोरड्या पठारावरचा. दोघांनाही इंग्रजीचे मास्तर व्हायचं होतं. मी गाईड पाठ करायचो. मध्येच कुणी अडवलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. तो मात्र एसटीची वाट बघत स्टँडवर दिसेल ते इंग्रजीत बडबडायचा. "बस इज नॉट कम. आजोबा इज स्लीपिंग."

"राव, तुझं इंग्रजी ऐकून आजोबा उठून पळतील," मी म्हणायचो.

"पळू दे की! म्हंजे त्यांना कळलं म्हनायचं."

चुकायचा, हसायचा, आणि महिन्यागणिक सुधारायचा. मला ते बघवायचं नाही.

तोंडी परीक्षेआधी त्यानं विचारलं, "भाऊ, खरं सांग, माझं बोलनं चालंल का?"

चाललं असतं. मी म्हणालो, "मनाचं बोलू नको. लई चुका होतात. हे पाठ कर." आणि 'माझे गाव' हा माझा निबंध त्याला दिला.

त्यानं गावाचं नाव तेवढं बदललं. परीक्षेच्या सकाळी पायरीवर बसून घोकत होता: माझ्या गावाला नदी नाही, उन्हाळ्यात टँकर येतो. मी शेजारीच होतो. ऐकलं, चूक कळली, आणि सांगितली नाही.

आत परीक्षकांनी गावाविषयी विचारलं. त्यानं घडाघडा म्हटलं.

"अरे, मग डिंभ्याचं धरण काय टँकरनं भरलं?"

दारातली पोरं खिदळली. एरवी तोही हसला असता. त्या दिवशी तो माझ्यासारखाच पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागला.

बाहेर येऊन मलाच म्हणाला, "तुझा निबंध चांगला व्हता रे. मलाच न्हाई जमलं."

पुढच्या वर्षी त्यानं इंग्रजी सोडलं. मी मास्तर झालो. तो शेती करतो, धरणात जाळं टाकतो.

त्याची मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिला माझ्याकडं घेऊन आला. सोबत ताजे मासे. तिला म्हणाला, "या काकांना इचार. मला इंग्रजीचं डोकंच न्हाई."

ती मान खाली घालून बसली होती. "चुकत चुकत बोल, बाळ," मी तिला म्हणालो. हे मी कुणाकडून शिकलो, ते मात्र सांगितलं नाही. तो कौतुकानं माझ्याकडं बघत होता.

त्याला डोकं होतं, माझ्यापेक्षा चांगलं, आणि मी त्याला फसवलं. हे त्या मुलीसमोर त्याला सांगणं, एवढं देणं मी अजून लागतो.