कुऱ्हाड पुसू नका

अस्वल कणकुंबीच्या रानात मेलं होतं आणि त्याला मारणारा लुमाण्णा बेळगावच्या हॉस्पिटलात पडला होता. मधलं सगळं काम माझं. मी तेव्हा कणकुंबीला फॉरेस्टर होतो. इंग्रजांचं राज्य होतं, आणि राखीव जंगलात मेलेलं जनावर सरकारचं, मग ते कुणी का मारेना.

लोकांना वाटतं, अस्वल मेलं की गोष्ट संपली. अहो, आमची तिथनं सुरू व्हायची. आधी पंचनामा, म्हणजे गावातली चार माणसं उभी करून जे दिसतंय ते लिहून काढायचं. मग कातडं सोलून, मीठ-तुरटी चोळून, पोत्यात बांधून त्याला लाखेचं सील. नखं मोजून घ्यायची, कारण ती वाटेत नाहीशी होतात. गुडघ्याला चोळायला चरबी मागत निम्मं गाव आलं. सगळ्यांना हाकललं आणि उरलेलं धूड पुरून टाकलं.

खरा प्रश्न एकच होता. लुमाण्णानं शिकार केली, की जीव वाचवला? शिकार ठरली तर तुरुंग. घाव अस्वलाच्या पाठीवर असता तर मलाही काही करता आलं नसतं. पण तो कपाळावर होता, समोरून बसलेला. कुऱ्हाडीच्या पात्याला रक्त वाळलं होतं आणि त्यात काळे केस चिकटले होते. ती कुऱ्हाडही मुद्देमालात, म्हणजे पुराव्याच्या वस्तूंत, कागदात गुंडाळून जमा केली.

जबाब घ्यायला बेळगावला गेलो. लुमाण्णाचा एक डोळा गेला होता. गाल कानापासून ओठापर्यंत शिवलेला. त्याची बायको सगुणा उशाशी बसून त्याला पेज भरवत होती.

"पळाला का नाहीस?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

"ही मागं हुती, आप्पा. डोक्यावर हिरड्याची पाटी. मी पळालो असतो तर त्याला ही गावली असती."

"मला कवा बोलला न्हाय ह्ये," सगुणा एवढंच म्हणाली. पदरानं डोळे टिपले आणि पुढचा चमचा त्याच्या ओठाशी धरला.

खानापूरला रेंजर साहेबांनी जबाब वाचला, 'सेल्फ डिफेन्स' असा शेरा मारला आणि प्रकरण मिटवलं. मला वाटलं, सुटला बिचारा.

सुटला कसला. निकाल सांगायला मी परत हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं होतं, तर हा जागचा हलेना.

"घरात तानी हाय माजी, तीन वर्साची," तो म्हणाला. "मी आलो की पळत येऊन गळ्यात पडती. ह्ये त्वांड बघून किंचाळली तर? त्यापरास हितंच कुटंतरी हमाली करतो."

"अरे, पोर ती. होईल सवय."

"त्याच अस्वलाचा एक क्यास द्या मला, आप्पा. ताईत करून तिच्या गळ्यात घालतो. मग भ्यायची न्हाय."

आमच्याकडं ही रीतच आहे. दरवेशी अस्वल घेऊन दारात आला की आया त्याचा केस विकत घेतात आणि ताईतात घालून पोराच्या गळ्यात बांधतात. पोर मग कशाला भीत नाही म्हणे. मलाही आईनं लहानपणी बेळगावच्या अनगोळात बांधला होता. मी तरीही भित्राच निघालो, ते सोडा. पण ज्या अस्वलानं तोंड फाडलं त्याचाच केस हा माणूस मागत होता.

मी रेंजर साहेबांकडं गेलो. माणूस धारवाडकडचा, लई कडक. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"साहेब, त्या कातड्याचा एक केस पाहिजे होता."

"सील तोडायचं नाही."

"एकच केस, साहेब. कुणाला कळणार?"

"मला कळेल." त्यांनी मान वर केली नाही. "कशाला पाहिजे?"

मी सगळं सांगितलं. ते टाक खाली न ठेवता ऐकत होते. मग म्हणाले, "प्रकरण मिटलंय. कुऱ्हाड मालकाला परत गेली पाहिजे. जशी जमा केली तशीच. पुसू नका."

मला कळायला जरा वेळ लागला. 'होय साहेब' म्हणून बाहेर पडलो आणि व्हरांड्यात उभा राहून डोळे पुसले.

हॉस्पिटलात लुमाण्णानं कागद उलगडला. पात्यावरचे केस त्यानं नखानं हळूहळू सोडवले, सगुणानं ते पदराच्या गाठीत बांधले. दुसऱ्या दिवशी दोघं जांबोटीपर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं गावी गेले.

महिनाभरानं फिरतीवर असताना मी त्यांच्या घरी डोकावलो. तानी बापाच्या मांडीवर बसून त्याच्या गालावरच्या वणावर बोट ठेवत विचारत होती, "हितं दुकतंय? आनि हितं?" तिचा गळा मोकळाच होता.

"काय रं, ताईत कुठाय?"

लुमाण्णानं बाही वर केली. काळ्या दोऱ्यातला ताईत त्याच्याच दंडाला होता.

"वेशीपाशी आलो आनि माजंच पाय लटपटाय लागलं. हिनं तितंच माज्या दंडाला बांधला." त्यानं तानीला जवळ ओढलं. "पोरीला कशाला पायजे, आप्पा? ती कुटं भीत हुती."

कातडं नियमाप्रमाणं बेळगावला गेलं. पुढं त्याचं काय झालं, मला कुणी कळवलं नाही. मी मात्र नंतर नोकरीभर जमा केलेली वस्तू परत देताना कधी पुसून दिली नाही.